बिनतारी ओ

१

त्या घरात मिठापेक्षा जास्त खर्च व्हायचा तो एक शब्द. 'आहे.'

ताईला दिसत नव्हतं. आधी दिसायचं, मग धूसर झालं, मग तेही गेलं. आतल्या खोलीत पलंगावर बसून ती वाटाणे सोलायची, रेडिओ ऐकायची, कपड्यांच्या घड्या घालायची आणि मधूनच हाक मारायची, "धाकटे, आहेस का?"

बाहेरच्या खोलीतून धाकटी ओ द्यायची, "आहे."

संपलं. ताईला काही हवं नसायचं. हवं असायचं ते तेवढंच.

धाकटी आता नावालाच धाकटी. केस पिकलेले, गुडघे कुरकुरणारे, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावर भांडण चाललं असेल तर त्यांनी थांबून हिचं ऐकावं. शाळा म्हणाल तर चार बुकं. पण ती ज्या कामाचा पगार खायची त्याला शाळा लागतच नव्हती, गळा लागत होता. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीची ती फोनवाली. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की आतलं लाल बटण दाबतं, आणि घंटा वाजते ती धाकटीच्या घरातल्या कॉम्प्युटरवर. कानाला हेडसेट, तोंडाशी माईक. मेकॅनिक पोचेपर्यंत त्या माणसाला सोडायचं नाही.

कामावर घेताना साहेबानं एवढंच शिकवलं होतं. अडकलेल्याला शांतता ऐकू येऊ द्यायची नाही, आणि काहीही झालं तरी घाबरवायचं नाही. वरून खडखड आली तर 'काही नाही.' दिवा गेला तर 'काही नाही.' बाहेर कोण आहे विचारलं तर 'कोणी नाही, आपलीच माणसं.' धाकटीच्या ते हाडीमासी खिळलं होतं. बोलण्यात माणूस खोटं बोलतो, श्वासात नाही, हेही तिला या कामानंच शिकवलं. "मी मजेत आहे" म्हणणाऱ्याचा श्वास ऐकून ती सांगायची, "खाली बसा, डोळे मिटा, मी इथंच आहे."

जुन्या हेडसेटला लांब वायर होती. त्या वायरीत पाय अडकून ताई एकदा पडली. डोक्याला खोक पडली. भावाचा फोन आला, "बघ, हे असं होतं. तिला एखाद्या आश्रमात ठेवू. तुझं काही बरंवाईट झालं तर इथं तिला कोण ओ देणार आहे?"

"मी देईन," धाकटी म्हणाली. "तू तुझी बायको सांभाळ."

फोन ठेवला खरा, पण त्याचा प्रश्न काही गेला नाही. भातातल्या खड्यासारखा दातात राहिला.

तर वायर नको, म्हणून कंपनीनं बिनतारी हेडसेट पाठवला. लावायला आला तो कंपनीचा कॉम्प्युटरवाला. त्याला सगळे 'बटण' म्हणायचे, कारण काहीही बिघडलं की त्याचा पहिला प्रश्न, "बटण दाबलं का?" धाकटी त्याला जागा द्यायला खुर्चीतून उठली. खुर्चीची गादी जुनी, स्पंजाची. खोल दबलेली होती, ती हळूहळू, कण्हत वर यायला लागली.

"काकू," बटण म्हणाला, "तुम्ही उठलात तरी तुमची गादी उठत नाही. बराच वेळ तुमची आठवण काढत बसते."

"तुझ्यामागं तुझी आठवण काढायला उशीसुद्धा राहायची नाही. काम कर."

आतून ताई हसली.

२

पहिल्याच दिवशी डाव्या कानात खरखर.

"बटण दाबलं का, काकू?"

"दाबलं. आता फक्त तुझा गळा दाबायचा राहिलाय."

त्यानं फोनवरून एकेक सांगितलं. कॉम्प्युटरच्या मागं खोचलेला तो नखाएवढा तुकडा काढून पुढच्या खाचेत घाला, मागं लोखंडी डबा आड येतो. घातला. खरखर गेली. मग आवाज बादलीतून आल्यासारखा यायला लागला. त्यावर आवाजाच्या यादीतून दुसरं नाव निवडा म्हणाला. निवडलं. बादली गेली.

मग उरलं ते एकच. फोन नसतानाही कानात खोली ऐकू यायची. पंखा, ताईचा रेडिओ, स्वतःच्याच खुर्चीची करकर.

"तुमच्या माईकचा आवाज तुमच्याच कानात परत येतोय," बटण म्हणाला. "सेटिंगमध्ये एक बरोबरची खूण आहे, ती काढून टाका."

"खूण नाहीच आहे तिथं."

"मग थोडासा येणार. आणि जरा मागून येईल. बिनतारीत आवाज मागं पडतो, काकू. सगळ्यांचाच पडतो."

धाकटीनं ते मान्य केलं. आपल्याला कळत नाही त्या गोष्टीवर भांडायची तिची रीत नव्हती. कळतं त्यावर भांडायलाच दिवस पुरत नव्हता.

दुपारी कानात चमचा पडल्याचा आवाज आला. फरशीवर पडून गोल फिरत थांबलेला. तिनं हेडसेट गळ्यात ओढला आणि आत गेली. ताई वाटीतून काहीतरी खात होती. चमचा हातात.

"काय पाडलंस?"

"मी? काही नाही."

"पडल्याचं ऐकलं मी."

"तुझे कान तपासून घे. डोळ्यांचं मी बघते," ताई म्हणाली, आपल्याच विनोदावर हसली, आणि हसताना तिच्या हातून चमचा सुटला. फरशीवर आपटला, गोल फिरला, थांबला.

धाकटी वाकली. चमचा उचलला. धुऊन परत ताईच्या हातात दिला. मग बाहेर येऊन खुर्चीत बसली आणि बटणाला फोन लावला.

३

"बटण, ऐक. आवाज मागं पडत नाही. पुढं पडतो."

तो समजुतीनं म्हणाला, "काकू, असं होत नाही."

"होत नाही ते मलाही माहीत आहे. होतंय ते सांगतेय."

"एक करा. यादीतून हेडसेटचं नाव काढून टाका. कॉम्प्युटर बंद करून चालू करा. हेडसेटचं बटण दिवा निळा लुकलुकेपर्यंत दाबून धरा आणि नव्यानं जोडा. सगळं जुनं पुसलं जातं."

तिनं केलं. आवाज आरशासारखा स्वच्छ झाला. आणि आणखी पुढं गेला.

कानात बेल वाजली. दारावर खडबडीत आवाज, "सिलिंडर!" तिनं जाऊन दार उघडलं. कोणी नाही. तशीच दारात उभी राहिली, हट्टानं. ताईनं मध्ये हाक मारली, हिनं ओ दिली. शेवटी जिन्यावर धपधप झाली, सिलिंडरवाला वर आला, बेलकडं हात नेला आणि समोर कमरेवर हात ठेवून उभी असलेली बाई बघून दचकला.

"माझीच वाट बघत होतात?"

"तुझ्या आवाजाची," ती म्हणाली. "ओरड एकदा. सिलिंडर म्हण."

"सिलिंडर," तो बिचारा म्हणाला.

"जोरात."

तो ओरडला. तोच आवाज. तोच खडबडीतपणा.

तिनं स्वतःला समजावलं. शेजारच्यांचा आवाज भिंतीतून येत असेल. पण शेजारच्या घराला कुलूप होतं. रेडिओ असेल. पण रेडिओ कुणाचा सिलिंडर आणत नाही. डोकं फिरलं म्हणावं, तर हिशेब चुकत नव्हता, दूध उतू जात नव्हतं, अडकलेली माणसं नीट सुटत होती. वेड लागलेल्या बाईला एवढी कामं कशी जमतील? आणि खरं सांगायचं तर त्या आवाजांत भिण्यासारखं काही नव्हतंच. तीच खोली, तोच पंखा. ताईची हाक, आणि तिचा स्वतःचा आवाज, धाप लागलेला, जाडजूड: "आहे." आपण पुढंही आहोत हे कानानं ऐकणं तिला मनातून आवडलंसुद्धा.

तिथंच तिनं थांबायला हवं होतं. पण बारीकशी खरखर परत आली होती, आणि बिघडलेली वस्तू तशीच ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं नाव पुन्हा यादीतून काढलं. पुन्हा जोडलं.

४

आता आली ती वेगळीच शांतता. पंखा नव्हता. थंडीचे दिवस असावेत तशी खोली, बंद खिडक्यांची. आत काहीतरी टेकत होतं. टक. टक. लाकूड आणि फरशी. ताईकडं काठी नव्हती, ती भिंतीला हात लावून चालायची.

मग ताईची हाक आली. घसा बसलेला.

"धाकटे, आहेस का?"

धाकटी स्वतःच्या आवाजाची वाट बघत बसली.

आला नाही.

"धाकटे?"

नाही.

तिनं हेडसेट काढला. आतल्या खोलीत तिची आत्ताची ताई, ठणठणीत गळ्याची, रेडिओबरोबर गुणगुणत होती. काठी नाही, काही नाही. तिनं हेडसेट परत चढवला.

"अगं, आहेस ना?"

ती भोळी नव्हती. हाक आहे आणि ओ नाही, याचा अर्थ काय हे तिला कुणी समजवायला नको होतं. गेली असणार मी, ती मनाशी म्हणाली, सरळ, जसं वीज गेली म्हणतात तसं. मरणाचं तिला फारसं वाटलं नाही. सगळेच जातात. पण ती बसलेल्या घशाची म्हातारी तिथं बंद खिडक्यांच्या घरात एकटी हाका मारत होती, आणि ते तिला सहन होईना. हेच ते, दातातला खडा.

"धाकटे..." आता आवाज कापला.

अडकलेल्याला शांतता ऐकू येऊ द्यायची नाही. तिचा हात आपोआप माईकच्या बटणाकडं गेला. विचार वगैरे काही केला नाही.

"आहे," ती म्हणाली.

कानात काठी थांबली.

"हं," तिकडची ताई म्हणाली. केवढा सुस्कारा होता तो. "बरं."

धाकटीच्या डोळ्यांना पाणी आलं. रडणाऱ्या बायका तिला आवडत नसत, म्हणून तिनं ते ओढणीच्या टोकानं रागानं पुसलं. मग ती तिथंच बसली. दुपारभर हाक आली की ओ देत राहिली. आहे. आहे गं. इथंच आहे. आत बसलेल्या ताईनं खरोखरीची हाक मारली असेल तर ती हिला ऐकू आली नाही, कान झाकलेले होते.

५

बटण स्वतः आला. तिनं बोलावलं नव्हतं. कंपनीत कुणीतरी म्हणालं होतं, बाईंचा माईक फोन नसतानाही चालूच दिसतो.

त्यानं हेडसेट कानाला लावला. धाकटी शेजारी उभी, हाताची घडी घालून. ताई आत झोपलेली.

"मस्त आहे की आवाज," तो म्हणाला. "खरखर नाही, काही नाही. तुमचा आवाज तर एकदम..."

तो थांबला. त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं. तोंड मिटलेलं होतं.

"बोलताय तुम्ही?"

"नाही."

तो थोडा वेळ ऐकत राहिला. मग हेडसेट काढून टेबलावर ठेवला, गरम भांडं ठेवावं तसा, दोन बोटांनी.

"तुमचाच आवाज आहे. आहे, आहे, असं म्हणतोय. पण काकू..." त्याला शब्द सापडेना. "बोलताना माणूस मध्ये श्वास घेतो. माईकमध्ये तो ऐकू येतो, मी रोज ऐकतो. याला नाहीये. नुसतेच शब्द. मागं कोणी नसल्यासारखे."

"बिनतारी आहे ना. जात असेल वाटेत."

तो हसला नाही. "मी हा परत नेतो. तुम्हाला वायरवाला देतो, आखूड वायरीचा. ताईंच्या पायात नाही यायची."

तिनं हेडसेट उचलला आणि छातीशी धरला. एखाद्याचं पोर कुणी न्यायला आल्यासारखा.

"हा राहील."

"काकू, बिघडलाय तो."

"तुला आई आहे?"

"आहे."

"तिला घरात एकटीला कधी हाका मारताना ऐकलंयस? भिंतीच्या पलीकडून?"

तो उठला. केलेला चहा तसाच ठेवून गेला. जाताना खुर्चीला धक्का लागू नये म्हणून भिंतीच्या कडेनं गेला, हे तिनं पाहिलं.

तो गेला आणि तिनं हेडसेट चढवला. बंद खिडक्यांची खोली. ताई खोकत होती. हाक आली, हिनं ओ दिली. मग दार करकरलं. कुणीतरी उंबऱ्यात उभं राहिलं होतं. धापा टाकत, जिने चढून आल्यासारखं, आणि घाबरलेलं. श्वास खोटा नसतो. पण हा कुणाचा ते तिला कळेना, आणि तो आत येत नव्हता की जात नव्हता.

ताईलाही ऐकू आलं. "दारात कोण आहे?" बसलेला घसा, भेदरलेला.

चोरचिलट असेल, कोणीही असेल. ती तिथं नव्हती. तिच्याकडं फक्त आवाज होता.

"कोणी नाही, ताई," ती म्हणाली, अगदी शांतपणे, जसं लिफ्टमधल्या माणसाला म्हणते. "दार लावून घे."

टक, टक, टक. दार लोटल्याचा आवाज. मग कडी बसली.

शहाणी माझी ती, धाकटीला वाटलं. तिचा जीव भांड्यात पडला. कडीनंतर कानात काहीच आलं नाही. थाप नाही, हाक नाही. नुसती स्वच्छ शांतता.

६

थंडी पडली. पंखे बंद झाले, खिडक्या लागल्या. बटणानं एक दिवस एका माणसाबरोबर काठी पाठवून दिली, आईची जुनी आहे, ताईंना उपयोगी पडेल म्हणून. स्वतः आला नाही.

ताईनं काठी टेकवत घरभर फेरी मारली. टक. टक. धाकटी गॅसपाशी उभी होती, उलथणं धरलेला तिचा हात तिथंच थांबला.

"छान आहे गं," ताई म्हणाली. "आता तू बाहेर गेलीस तरी मी हिंडेन."

"मी बाहेर गेले की गप बसायचं एका जागी."

"गपच बसते. काल तू पाव आणायला गेलीस, आणि मला वाटलं अजून गेली नाहीस. हाक मारली तर आपली ओ देत होतीस."

धाकटीनं गॅस बंद केला. "काल? मी पाव घेऊन आल्यावर?"

"आल्यावर काय, जायच्या वेळी. दार वाजलं तुझं. मग मी म्हटलं, आहेस का, तर म्हणालीस आहे. मग परत म्हणालीस. मला वाटलं, बदललं मन." ताईनं तोंड वेंगाडलं. "हल्ली तुझा आवाज बरा झालाय. पूर्वी कशी भात्यासारखी धापा टाकत बोलायचीस."

धाकटी बाहेरच्या खोलीत आली. हेडसेट टेबलावर होता. बंद करायचं बटण तिला आता डोळे मिटूनही सापडलं असतं. तिनं अंगठा त्यावर ठेवला. मग तिला ती बंद खिडक्यांची खोली आठवली, आणि खिडक्या तर आता बंदच होत्या. आज बंद केला आणि उद्या मी पडले तर? ती उभी राहून विचार करत राहिली, आणि जितका विचार केला तितका अंगठा हलका होत गेला.

तिनं हेडसेट चार्जिंगला लावला.

७

ताईचा घसा बसला. खोकला लागला. धाकटी औषध आणायला निघाली. ढगाळलेली सकाळ. घाईत दार नुसतं लोटून ठेवलं.

परत आली तर खाली लिफ्टला पाटी लटकलेली: बंद आहे. लिफ्टवालीच्या इमारतीची लिफ्ट. एरवी तिनं वॉचमनला उभा-आडवा झाडला असता. आज त्याच्याकडं बघितलंही नाही, जिना धरला. प्रत्येक वळणावर गुडघे शिव्या घालत होते. छाती भरून आली, तोंडाला कोरड पडली. औषधाची बाटली पिशवीत किल्ल्यांवर वाजत होती.

आपल्या मजल्याच्या खालच्या वळणावर तिला घरातून ताईची हाक ऐकू आली.

"धाकटे, आहेस का?"

ओ द्यायला तिनं तोंड उघडलं, पण धाप लागलेली, शब्द निघेना. आणि वरून, तिच्याच घरातून, तिच्याच आवाजात, न थांबता, न धापता आलं:

"आहे."

ती उरलेल्या पायऱ्या कशा चढली ते तिला कळलं नाही. दार ढकललं. करकरलं. ती उंबऱ्यात उभी राहिली.

कॉम्प्युटर चालू होता. टेबलावर हेडसेट, त्याचा निळा दिवा लागलेला. खुर्ची तिच्याकडं पाठ करून होती. आणि खुर्चीची गादी खोल दबलेली होती. ती बसते तेवढीच, तशीच, डाव्या अंगाला थोडी जास्त. ती बघत राहिली, की आता वर येईल. हळूहळू, कण्हत, जशी रोज येते. गादी वर आली नाही.

आतून खोकला. काठी टेकत ताई मधल्या दारात आली. तोंड सरळ धाकटीच्या दिशेनं, कान टवकारलेले. घरात आता एकच श्वास मोठ्यानं चालला होता, आणि तो उंबऱ्यातून येत होता.

"दारात कोण आहे?" ताईनं विचारलं. भेदरून.

अगं, मी. एवढंच म्हणायचं होतं. जन्मभर ती बोलत आली होती, कुणाचं ऐकलं नव्हतं, कुणापुढं तोंड आवरलं नव्हतं. जीभ टाळूला चिकटली होती. तिनं सगळा जीव एकवटून एक श्वास आत घेतला.

"कोणी नाही, ताई," खुर्ची म्हणाली, अगदी शांतपणे. "दार लावून घे."

"बरं," ताई म्हणाली. केवढा सुस्कारा होता तो.

टक, टक, टक. ताईचा हात चाचपत दारापर्यंत आला. इतका जवळ की धाकटीला त्याच्यावरचे वाटाण्याचे हिरवे डाग दिसले. ती एक पाऊल मागं सरली. का सरली, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. ताई घाबरू नये म्हणून, बहुतेक.

दार लागलं. कडी बसली.

धाकटीनं थाप मारायला हात उचलला. आणि तो तसाच दारापासून बोटभर अंतरावर राहिला, कारण तिला आठवलं, कडीनंतर कानात थाप ऐकू आली नव्हती.

आत ताईनं हाक मारली. आत कुणीतरी ओ दिली.